जुन्या फेल्ट हॅटचे रंग: राखाडीचं राज्य खरं की फोटोंची करामत?

भंगारप्रेमी (धागाकर्ता)

इथे जुन्या घड्याळांवर, फाउंटन पेनांवर, रेडिओंवर धाग्यांचा पाऊस आहे. पुरुषांच्या फेल्ट हॅटवर मात्र एकही धागा सापडला नाही, म्हणून हा प्रपंच. मी फिलाडेल्फियाजवळ राहतो. शनिवारी सकाळी लोकांचे गॅरेज सेल आणि इस्टेट सेल पालथे घालणं हा माझा जुना रोग आहे. त्यात हॅट कधी शिरल्या ते कळलंच नाही.

शहरही त्याला कारणीभूत आहे म्हणा. जॉन बी. स्टेट्सनने १८६५ साली इथेच धंदा मांडला. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला केन्सिंग्टन भागातल्या त्याच्या कारखान्यात पाच हजारांवर माणसं कामाला होती आणि वर्षाला तीस लाखांहून जास्त हॅट बाहेर पडत होत्या. १९७१ मध्ये कारखाना बंद झाला. माल मात्र अजून लोकांच्या माळ्यांवर पडून आहे.

आता मुद्द्याचं. १९३० ते ५० मधला अमेरिकेतल्या रस्त्याचा कुठलाही फोटो काढा, दर डोक्यामागे एक हॅट. फोटो कृष्णधवल, त्यामुळे आपल्या मनात त्या सगळ्या राखाडी नाहीतर काळ्या. हल्लीचे सिनेमेवालेही तसंच धरून चालतात. गुंड म्हटला की काळी फेडोरा (मधोमध दबलेल्या माथ्याची फेल्ट हॅट), डिटेक्टिव्ह म्हटला की राखाडी. पण खोकी उघडली की बाहेर काय येतं? तपकिरीच्याच डझनभर छटा. बदामी, वाळूच्या रंगाची, कॉफी, शेवाळी, निळसर करडी, मोतिया. साधी ठार काळी फेडोरा त्या मानाने कमीच हाताला लागते.

स्टेट्सनची एक छटा माझी खास लाडकी आहे, सिल्व्हरबेली. बीव्हर या पाणथळ प्राण्याच्या पोटाकडच्या फिकट लोकरीवरून हे नाव पडलं. पांढरी नाही, क्रीम नाही, बदामीही नाही. उन्हात धरली तर किंचित गुलाबीसर करडी वाटते, दिव्याखाली सायीसारखी पिवळट. १९३७ मध्ये आलेल्या ‘ओपन रोड’ मॉडेलची ही ओळखच होऊन बसली. टेक्सासचे राजकारणी आणि रँचवाले त्यावर फिदा होते. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सनच्या डोक्यावर ती दिसते आणि तो पाहुण्यांनाही हॅट भेट द्यायचा. शहरी न्यूयॉर्कमध्ये मात्र चलती वेगळ्या रंगांची.

तर प्रश्न असा: कुठला रंग खरंच जास्त चालायचा, आणि हे आज ठरवायचं कशावरून? जाणकारांनी भर घालावी.

मुळशीकर

विषय भन्नाट. पण आधी अडाण्याला समजेल असं सांगा, फेल्ट म्हणजे नक्की काय? कापड की कातडं?

भंगारप्रेमी

@मुळशीकर, दोन्ही नाही. काश्मिरी नमदा पाहिला असेल ना? तो फेल्टच. विणायचं नाही, कातायचं नाही. केस ओले-गरम करून दाबत, चोळत, एकमेकांत अडकवत जायचं. नमद्याला मेंढीची लोकर. चांगल्या हॅटला ससा, हेअर (रानससा), न्यूट्रिया (पाणउंदरासारखा प्राणी) किंवा बीव्हरच्या कातडीवरची आतली मऊ लव. केसांचा झोत भोकं पाडलेल्या तांब्याच्या फिरत्या शंकूवर सोडतात, आतून हवा ओढून घेतात, वरून गरम पाणी मारतात. शंकूवर एक भलीमोठी पातळ टोपी तयार होते. ती गरम पाण्यात आटवत आटवत लहान आणि घट्ट करतात. मग रंग, मग साचा, मग घासकाम. मेंढीच्या लोकरीची हॅट स्वस्त असते, पण पावसात भिजली की मान टाकते.

केमिकलकाका

निम्मं आयुष्य लोकर रंगवण्याच्या खात्यात गेलं, त्यामुळे रंगाच्या बाजूने थोडं लिहितो.

ससा असो वा मेंढी, केस म्हणजे प्रथिन. त्याला ॲसिड रंग बसतात. भांडं उकळीच्या जवळ, थोडं आम्ल आणि भरपूर सबुरी. अडचण अशी की फेल्ट घट्ट असतं, रंग आतपर्यंत मुरवायला वेळ लागतो. नीट मुरला नाही तर वर गडद आणि आत पांढरट राहतो. मग कडेला जरा घासलं गेलं की आतला फिका थर डोकावतो. भंगारप्रेमी, तुमच्या हॅटची कापलेली कड भिंगाखाली बघा, कारखान्याने किती मनापासून काम केलंय ते तिथेच कळेल.

दुसरी पद्धत म्हणजे केस आधी रंगवायचे, मग दोन-तीन रंगांचे केस मिसळून फेल्ट करायचं. करड्यात थोडे निळे, थोडे तपकिरी. लांबून एकच रंग दिसतो, जवळ घेतलं की कणाकणाने वेगळा. ते महाग काम.

काळा दिसतो सोपा, असतो सगळ्यात नाठाळ. जुन्या काळी लॉगवूडच्या लाकडाचा अर्क आणि लोहाचे नाहीतर क्रोमचे क्षार वापरून काळा करत. गडद काळ्याला रंग सगळ्यात जास्त लागतो, आणि इतकं करून वर्षं गेली की तो तांबूस नाहीतर हिरवट मारायला लागतो. तुम्हाला मिळालेल्या काही ‘तपकिरी’ हॅट जन्माने काळ्याही असतील!

आणि तपकिरी हा तर एकटा रंगच नव्हे. पिवळा, तांबडा, निळा मिळून तो तयार होतो. उन्हात या तिघांपैकी जो कच्चा तो आधी उडतो आणि बाकीचे दोघे उरतात. म्हणून काही तपकिरी हॅट जांभळट होतात, काही विटकरी. आजचा रंग बघून तेव्हाच्या आवडीनिवडीबद्दल बोलायचं असेल तर आधी हे वजा करा.

भंगारप्रेमी

काका, दंडवत. म्हणूनच माझी पहिली परीक्षा रिबिनीखाली असते. माथ्याभोवतीची फीत हलकेच नखाने वर उचलायची. खाली बोटभर पट्टा असतो, तिथे ऊन-धूळ पोचलेली नसते. मागे एक हॅट मला मातकट फिकट तपकिरी म्हणून मिळाली होती. फितीखाली बघतो तर गर्द मॉस हिरवी! आतली चामड्याची पट्टी उलटी केली तर तिच्यामागेही तोच हिरवा.

शंकासुर

धाग्याच्या बुडालाच सुरुंग लावतो, राग मानू नका.

तुम्ही म्हणता खोक्यांतून अमुक रंग निघतात. पण खोक्यात काय उरतं? जे वापरलं गेलं नाही ते. रोज ऑफिसला जाताना घातलेली राखाडी हॅट घामाने, पावसाने, लोकलच्या गर्दीने पाच-सात वर्षांत कामातून गेली आणि कचऱ्यात पडली. हौसेने घेतलेली आणि मग ‘नको बुवा, फारच उठून दिसते’ म्हणून ठेवून दिलेली हिरवी मात्र तशीच्या तशी उरली. ती आज तुमच्या हातात. म्हणजे तुमचा संग्रह न आवडलेल्या रंगांचा संग्रह आहे!

आमच्याकडे बघा ना, लग्नातले शालू पेटीत जसेच्या तसे. आजी रोज नेसायची ते लुगडं दाखवा एकतरी.

वरणभात

शंकासुर, एका वाक्यात भंगारप्रेमींना टोपी घातलीत. :D

किरमिजी

शंकासुरांचा मुद्दा जबरदस्त आहे, पण फोटोंवरही तेवढाच संशय घ्या. त्या काळच्या घरगुती फोटोंचा मोठा भाग ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर निघालेला आहे. कोडॅकची व्हेरिक्रोम १९३१ मध्ये आली, खपली प्रचंड, आणि लाल प्रकाश तिला दिसायचाच नाही. सगळे रंग सारखे पकडणारी व्हेरिक्रोम पॅन थेट १९५६ ची. म्हणजे मधली पंचवीस वर्षं घरोघरच्या बॉक्स कॅमेऱ्यात लाल-तांबूस वस्तू काळ्या आणि निळ्या वस्तू फिकट. तांबूस तपकिरी हॅट अशा फोटोत जवळजवळ काळी दिसणार. निळसर हॅट दिसणार फिकी करडी. ‘काळ्या हॅटचा जमाना’ ही आपली समजूत काही अंशी या फिल्मने घडवलेली आहे.

उतारा आहे. अमेरिकी सरकारसाठी फिरणाऱ्या छायाचित्रकारांनी १९३९ ते १९४४ या काळात कोडाक्रोमवर रंगीत फोटोही काढले. असे सुमारे १६०० फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट बघायला मिळतात. रसेल लीचे १९४० चे न्यू मेक्सिकोतल्या पाय टाउनचे शेतकरी, जॅक डेलानोने १९४१ मध्ये टिपलेली व्हरमाँटची जत्रा. नुसती डोकी बघत बसा. तपकिरी, बदामी, धुळीने माखलेली करडी. ‘न आवडलेल्या’ हॅट यात येत नाहीत, कारण त्या लोकांच्या डोक्यावरच आहेत.

शंकासुर

हे आवडलं. पण त्यातले बरेचसे फोटो गावाकडचे आणि कारखान्यांतले. वॉल स्ट्रीटवरचा साहेब त्यात किती? आणि शेतकऱ्याच्या हॅटचा रंग मातीच ठरवते, दुकानदार नाही.

थेम्सकाठी

लंडनचं सांगायचं तर इथे रंग आवडीवर कमी आणि रिवाजावर जास्त चालायचा. ‘शहरात तपकिरी नको’ हा इथला जुना शिरस्ता, बुटांनाही आणि हॅटलाही. सिटीत, म्हणजे बँका-पेढ्यांच्या भागात, कामाला जाणाऱ्याची बोलर (गोल माथ्याची कडक हॅट) काळी. तपकिरी बोलर असायची, पण ती घोडे बघायला, गावाकडे जाताना. हिरवट फेल्ट शिकारीला. म्हणजे एकाच माणसाकडे दोन-तीन रंग असायचे आणि कुठला कुठे घालायचा हे ठरलेलं.

बोलर मुळात जन्मलीच गावाकडे. १८४९ मध्ये लॉक अँड कंपनी या लंडनच्या दुकानाकडे ती घडवून मागितली गेली, ती इस्टेटीवरच्या रखवालदारांसाठी. फांद्या लागून उंच टोप्या पडायच्या, म्हणून कडक आणि बुटकी. पुढे तीच बँकवाल्यांचा गणवेश झाली आणि काळी पडली.

होम्बर्गचंही असंच. सातवा एडवर्ड युवराज असताना जर्मनीतल्या बाड होम्बर्गहून ही हॅट घेऊन आला. तिच्यात करडी, हिरवट, तपकिरी सगळी चालायची. मग १९३० च्या दशकात परराष्ट्रमंत्री अँथनी ईडनने काळी होम्बर्ग अशी काही मिरवली की लोक तिला ‘अँथनी ईडन’च म्हणू लागले. एका माणसाने एका प्रकाराचा रंग ठरवून टाकला.

भंगारप्रेमी

@थेम्सकाठी, अमेरिकेत हा शिरस्ता ढिला होता, पण ऋतूचा नियम कडक! १५ सप्टेंबरला गवती हॅट बंद, फेल्ट सुरू. १९२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये या तारखेच्या आसपास पोरांनी लोकांच्या गवती हॅट हिसकावून पायाखाली तुडवल्या, त्यातून दंगल झाली आणि ती काही दिवस चालली. हॅटवरून दंगल, विचार करा. फेल्टमध्येही वसंतात फिकट, थंडीत गडद अशी दुकानांची मांडणी असायची. त्यामुळे ‘लोकप्रिय रंग कोणता’ विचारताना ‘कुठल्या महिन्यात’ हेही विचारावं लागतं.

@शंकासुर, तुमचा सुरुंग मी फुटू देतो, पण पूर्ण नाही. माझ्याकडे येणाऱ्या हॅटमध्ये दोन जाती असतात. एक कोरी, खोक्यासकट, पट्टीवर घामाचा डाग नाही. दुसरी वापरून पिचलेली: पुढे माथा दाबून केलेल्या चिमटीच्या जागी फेल्ट झिजून भोक पडलेलं, पट्टी काळीठिक्कर. कोऱ्यांमध्ये हिरवी-निळी-मोतिया यांचं प्रमाण जास्त, हे कबूल. पण पिचलेल्यांचा वेगळा ढीग केला तर त्यात तपकिरी आणि बदामी राखाडीच्या बरोबरीने उभ्या राहतात. पिचलेली हॅट खोटं बोलत नाही, ती कोणीतरी मनापासून घातलेली असते. माझं मत या ढिगावरून बनलंय: राखाडी पुढे होती, पण आपण समजतो तितकी नाही. तपकिरीचं श्रेय किरमिजींच्या फिल्मने खाल्लं.

कॅटलॉगही बघतो. पण कॅटलॉग म्हणजे हॉटेलचं मेनूकार्ड. छापलंय म्हणून खपलंय असं नाही.

मेलबर्नमावशी

आमच्या ऑस्ट्रेलियाची हजेरी लावते. इथल्या अकुब्रा हॅट सशाच्या केसांच्या. ससे हा इथला शेतकऱ्यांचा वैरी, गोऱ्यांनी आणले आणि देशभर पसरले, त्यामुळे पूर्वी कच्च्या मालाला तोटा नव्हता. कारखाना १९७० च्या दशकात सिडनीहून केम्प्सीला गेला.

इथे राज्य हरणाच्या अंगाच्या फिकट तपकिरीचं, ज्याला हे लोक ‘फॉन’ म्हणतात. कारण साधं आहे. आमच्याकडची लाल-पिवळी धूळ काळ्या हॅटवर बसली की दोन तासांत ती पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसते. फॉनवर धूळ बसली काय, नाही बसली काय! उन्हातही फिकट रंग बरा. तुमच्या टेक्सासवाल्यांना सिल्व्हरबेली का आवडली याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं. फॅशन नंतर, आधी ऊन आणि धूळ.

केमिकलकाका

मावशी, शंभर टक्के. शिवाय फिकट रंगाला रंगच कमी लागतो, म्हणजे उडायलाही कमी. सिल्व्हरबेलीसारखी छटा तर केसांच्या नैसर्गिक रंगाच्या जवळची. मात्र तिथे केस उत्तम लागतो, खालचा माल गडद रंगात लपवता येतो, फिकट रंगात नाही. हॅटवाले फिकट हॅटचे पैसे जास्त घेत असतील तर ते उगाच नव्हे.

आणि अवांतर: केसांना अडकण्याचा गुण यावा म्हणून कातडीवर पाऱ्याचं नायट्रेट चोळत. त्याने केसांची टोकं नारिंगी व्हायची, म्हणून इंग्रजीत त्या कृतीला गाजरावरून नाव पडलं. सगळ्या रंगांच्या हॅटच्या पोटात हा एक रंग होताच. वाफेतून पारा कामगारांच्या फुप्फुसात जायचा. हात थरथरायचे, बोलणं अडखळायचं, स्वभाव बिथरायचा. कनेक्टिकटमधलं डॅनबरी हे हॅटचं शहर, तिथे तर या थरथरीला गावाचंच नाव लागलं होतं. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने १९४१ च्या डिसेंबरात ही पद्धत बंद करायला लावली. नंतर हायड्रोजन पेरॉक्साइडवाल्या कृती आल्या. भंगारप्रेमी, त्याआधीच्या हॅट हाताळल्यावर हात धुवा आणि त्या घासून धूळ उडवू नका.

मुळशीकर

बापरे. हे माहीत नव्हतं. इतक्या रुबाबदार वस्तूच्या मागे हे?

आत्याबाई

सगळे परदेशातच रमलात! आपल्याकडची सगळ्यात प्रसिद्ध फेल्ट हॅट विसरलात का? भगतसिंगांची. असेंब्लीत बॉम्ब टाकला ८ एप्रिल १९२९ ला. त्याच्या थोडेच दिवस आधी दिल्लीत काश्मिरी गेटजवळच्या स्टुडिओत तो फोटो काढला गेला. फोटो कृष्णधवल. आता कॅलेंडरं, रिक्षांच्या मागचे स्टिकर, चौकातले फ्लेक्स आठवा. कुठे हॅट तपकिरी, कुठे काळी, कुठे खाकी, कुठे चक्क पिवळी. प्रत्येक चित्रकाराने आपल्याकडच्या डब्यातला रंग दिला. खरी कुठली, फोटोवरून सांगता येईल का?

किरमिजी

@आत्याबाई, नाही येणार. करड्याची एक छटा म्हणजे तिच्या मागे दहा रंग असू शकतात. कुठली फिल्म होती, प्रिंट किती वेळा नकलून काढलीय, हे सगळं मध्ये येतं. संगणकावर जुने फोटो रंगवणारी ॲप हल्ली हॅटला बेधडक तपकिरी नाहीतर राखाडी करतात, तोही अंदाजच. आणि नंतर तेच रंगवलेले फोटो ‘पुरावा’ म्हणून फिरतात. बाबासाहेबांच्या हॅटमधल्या फोटोंचंही हेच होतं. कुठे हॅट निळी केलेली, कारण सूट निळा हे आपल्या डोक्यात पक्कं.

थेम्सकाठी

भगतसिंगांच्या बाबतीत हॅटचं काम वेशांतराचं होतं. डिसेंबर १९२८ मध्ये सॉन्डर्सवधानंतर लाहोरहून निघताना सोबत दुर्गाभाभी आणि अंगावर साहेबी कपडे. अशा वेळी माणूस कुणाच्या नजरेत भरणारी हॅट कशाला घालेल? मी पैज लावतो, दुकानात सगळ्यात जास्त असलेलाच रंग असणार.

शंकासुर

आणि तो कुठला, यावरच तर धागा चाललाय. :)

मडगांवकर

आपल्याकडची अजून एक फेल्ट हॅट आजही ड्युटीवर आहे. गुरखा पलटणींची, तिरकी घातलेली. २६ जानेवारीच्या संचलनात बघा. तिचा हिरवट-खाकी रंग कुणाची आवड नव्हे, सैन्याचा हुकूम.

वरणभात

झूट सूटवाले राहिले. लॉस एंजेलिसला १९४३ मध्ये ज्यांच्या कपड्यांवरून सैनिकांनी मारामाऱ्या केल्या ती मेक्सिकन वंशाची पोरं. ढगळ कोट, रुंद कडेची हॅट, वर पीस. राखाडी-तपकिरीच्या सभ्य जगाला वाकुल्या दाखवायच्याच होत्या त्यांना. लोकप्रियता मोजताना ‘कुणामध्ये लोकप्रिय’ हे नको का?

भंगारप्रेमी

@वरणभात, पहिल्यांदाच शहाण्यासारखं लिहिलंत. :) अगदी बरोबर. शिकागोत गुंडांचा म्होरक्या अल कपोन मोतिया रंगाची, काळ्या फितीची हॅट मिरवायचा. ‘माझ्याकडे पैसा आहे आणि मला लपायची गरज नाही’ असं ती हॅट सांगायची, कारण मोतिया हॅट मळते आणि वरचेवर साफ करून घ्यावी लागते. सिनेमांनी त्याच धंद्याच्या माणसाला काळी घातली. वेस्टर्नमध्येही चांगल्याला पांढरी, वाईटाला काळी असं आपण धरून बसलोय, आणि तिथे हॉपअलाँग कॅसिडी झालेला विल्यम बॉइड नायक असून काळी हॅट घालायचा.

आज उलट झालंय. काळ्या फेल्ट हॅटचं सगळ्यात भरवशाचं गिऱ्हाईक म्हणजे सनातनी ज्यू समाज. ब्रुकलिनच्या काही वस्त्यांत शुक्रवारी संध्याकाळी उभे राहा, एका तासात जितक्या काळ्या हॅट दिसतील तितक्या एरवी वर्षभरात दिसायच्या नाहीत. इटलीतल्या अलेस्सांद्रियाची बोर्सालिनो, १८५७ पासूनची, तिच्याकडे रंगांचा खजिना होता. आज या समाजात मान तिच्या काळ्याला.

बोलिव्हियात आणखी गंमत. तिथल्या आयमारा बायका पुरुषांची बोलर घालतात, काळी, करडी, तपकिरी. पुरुषांनी सोडलेला प्रकार बायकांनी जिवंत ठेवला.

साठच्या दशकाचं थोडक्यात सांगतो, कारण मला तो काळ रुचत नाही. कड बोटभर उरली, माथा बुटका झाला, रंग गडद ऑलिव्ह आणि कोळशाचे. केनेडीने हॅट मारली असं लोक सांगतात. १९६१ च्या शपथविधीला त्याने टॉप हॅट आणली होती, भाषणाला मात्र बोडक्याने उभा राहिला. पण खप त्याच्या कितीतरी आधीपासून घसरत होता. गाड्या आल्या, गाड्यांची छतं खाली आली, हॅट ठेवायची कुठे?

रेवा_बेळगाव

नमस्कार, मी इथे वाचनमात्र असते, आज लिहिते आहे. आमच्या आजेसासऱ्यांची एक फेल्ट हॅट माळ्यावर सापडली. ते रेल्वेत होते. आतल्या पट्टीवर सोनेरी अक्षरं होती, आता फक्त ‘लंडन’ वाचता येतं. रंग सांगताच येत नाही, बुरसट करडा म्हणा. कडेला कसर लागून दोन भोकं पडलीत आणि पावसाळ्यात पांढरी बुरशी धरलीय. मुलाला घालायची आहे. एका लाँड्रीवाल्याने ‘काळी रंगवून देतो’ म्हटलंय. देऊ का?

केमिकलकाका

रेवाताई, नको! रंगवायचं म्हणजे गरम पाणी आलं, आणि गरम पाण्यात फेल्ट आणखी आटणार. मुलाला सोडा, बाहुलीला होईल. शिवाय चामड्याची पट्टी वाळून कडक होऊन तुटेल.

भंगारप्रेमी

काकांशी सहमत. रेवाताई, असं करा.

आधी कोरड्या उन्हाच्या दिवशी सावलीत, हवेशीर जागी ठेवा. थेट उन्हात नको. तोंडाला रुमाल बांधून बुरशी बाहेर, गॅलरीत झटका. मग मऊ केसांचा ब्रश घ्या, घड्याळाच्या उलट दिशेने हळूहळू फिरवा, जोर लावू नका. काळ्या कोटावर वापरलेला ब्रश या हॅटला नको, गडद कण फिकट फेल्टमध्ये बसले की निघत नाहीत. मी फिकट आणि गडद हॅटचे ब्रश वेगळे ठेवतो.

कसरीचा बंदोबस्त करायचा तर हॅट प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पाणी सुटेल. भोकं राहणार, ती राहू द्या.

मग फीत. एका बाजूला छोटी गाठ किंवा बो असेल, तिथला दोरा नीट बघा. उसवायची गरज नाही, नुसती खालची कड किंचित वर करून दिव्याखाली बघा, आणि आतली पट्टी उलटून तिच्यामागेही. दोन्हीकडे सारखा रंग दिसला तर तोच मूळचा.

ठेवताना कडेवर ठेवू नका, कड चपटी होते. उलटी, माथ्यावर ठेवा. बेळगावात पाऊस काय असतो ते माहीत आहे, पावसाळ्यात बंद खोक्यात अजिबात नको. आणि हॅट उचलताना पुढच्या चिमटीत बोटं घालून उचलायची सवय मुलाला लावू नका, सगळ्या जुन्या हॅट तिथेच फाटतात. कडेला दोन्ही हातांनी धरायचं.

शंकासुर

ताई, लंडनची असेल आणि रेल्वेतल्या माणसाची असेल तर थेम्सकाठींच्या नियमाने तपकिरी नसावी. माझा कौल: राखाडी.

थेम्सकाठी

हिंदुस्थानात पाऊल टाकलं की ते नियम बोटीतच राहायचे हो. इथे साहेब लोक दुहेरी फेल्टची तेराई हॅटसुद्धा घालायचे, ती फिकट करडी नाहीतर बदामी. माझा कौल बदामी.

रेवा_बेळगाव

फीत उचलून पाहिली. खाली रंग वेगळाच आहे! निळसर करडा, बऱ्यापैकी गडद. आणि पट्टीच्या मागे त्याहून थोडा गडद, पण तोच. फितीचा रंग वर जांभळट तपकिरी झालाय, गाठीच्या आत मात्र काळाभोर. दुहेरी फेल्ट नाही, एकच थर आहे.

केमिकलकाका

म्हणजे निळ्या-करड्यातला निळा आधी उडाला आणि पिवळट मागे उरलं, म्हणून तुम्हाला बुरसट वाटतंय. पट्टीमागे गडद, कारण फितीखाली थोडा तरी प्रकाश झिरपतो, चामड्यातून अजिबात नाही.

किरमिजी

आजेसासऱ्यांचा या हॅटमधला फोटो आहे का? असेल तर दोन्ही शेजारी ठेवून टाका. साध्या जुन्या फिल्मवर ही हॅट चेहऱ्याच्या मानाने फिकी दिसायला हवी.

रेवा_बेळगाव

एक आहे, हुबळी स्टेशनवरचा. त्यात हॅट जवळजवळ पांढरी दिसते, घरातले सगळे आजवर ‘आबांची पांढरी हॅट’ म्हणत आले. रविवारी स्कॅन करून टाकते. लाँड्रीवाल्याला नाही म्हणून सांगितलं.

शंकासुर

राखाडी म्हणालो होतो, नोंद घ्यावी.

वरणभात

निळी आहे ती. नोंद घेतली नाही.